साभार परत

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

'वैद्यकीय नियतकालिके शोधनिबंध का नाकारतात' हा विषय मला दिला आहे. संयोजक मैत्रिणीने फोनवर तो सांगितला, तेव्हा मी तिला म्हटले, "यावर बोलायला माझ्याइतकी लायक बाई तुला सापडायची नाही. माझ्याकडे नकारपत्रांची फाईलच आहे."

तुमच्यातल्या ज्यांनी तरुणपणी कविता लिहिल्या असतील, त्यांना 'साभार परत' हे शब्द आठवत असतील. मासिकाला कविता पाठवताना आपलाच पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडायचे. काही दिवसांनी तेच पाकीट दारात यायचे. पत्त्यावरचे आपले अक्षर बघूनच कळायचे, की कविता घरी आली. वैद्यकीय नियतकालिकांचे 'साभार परत' आता ई-मेलने येते आणि इंग्रजीत येते. 'आपला निबंध आम्ही आस्थेने वाचला, परंतु' अशी त्याची सुरुवात असते. 'परंतु'च्या पुढे काय लिहिले आहे ते कसे वाचायचे, एवढेच मी आज सांगणार आहे. कारण ते नीट वाचायला मला फार उशीर लागला, आणि त्या उशिराची किंमत मी नाही, दुसऱ्याच एका बाईने दिली.

आधी आमची गोष्ट सांगते. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आमचा गट काम करतो. बचत गटाच्या बैठकांत, आरोग्य शिबिरांत बाया सांगायच्या, "पिशवी काढली." कुणी तिशीत, कुणी पस्तिशीत. कारण विचारले तर अंगावरून पांढरे जायचे, पाळीत जास्त जायचे, ओटीपोट दुखायचे. डॉक्टरने सांगितले, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. मुले झालेलीच होती, मग कशाला ठेवायची? शस्त्रक्रियेनंतर मात्र कंबर धरलेली, अंगातून वाफा निघतात, उसाची मोळी उचलवत नाही. हे सगळे आम्ही दोन वर्षे लिहून घेत होतो. गटातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने सुचवले, की याचा शोधनिबंध करू या. वैद्यकीय नियतकालिकात छापून आले तर डॉक्टरांना ऐकावेच लागेल. आम्ही रात्री जागून लिहिले आणि पाठवून दिले. काही महिन्यांनी नकार आला. सोबत दोन परीक्षकांचे शेरे होते.

आम्ही ते शेरे वाचले असे म्हणता येणार नाही. आम्ही ते बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले आणि प्रत्येक वाक्याला संतापलो. 'यांना बायांचे दुखणे ऐकायचेच नाही', 'डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेणारच'. ठराव करायचे तेवढे बाकी राहिले होते. मग ते पत्र कपाटात गेले.

आता हा कारभार कसा चालतो ते थोडक्यात सांगते. निबंध पोचला की प्रथम कार्यालयात नियमांप्रमाणे आहे का ते बघतात. शब्दसंख्या, तक्ते, नीतिसमितीची मंजुरी, सगळ्या लेखकांच्या संमतीची पत्रे. मग संपादक वाचतो. मोठ्या नियतकालिकांत बहुतेक निबंध इथूनच परत जातात, परीक्षकापर्यंत पोचतही नाहीत. पुढे गेलेला निबंध त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातो. ते बिनपगारी वाचतात आणि बहुधा त्यांची नावे आपल्याला कळत नाहीत. ब्रिटिश मेडिकल जर्नलने १९९९ पासून परीक्षकांची नावे लेखकांना कळवायला सुरुवात केली, पण सगळीकडे तसे नाही. जगातली सर्वात नावाजलेली वैद्यकीय नियतकालिके आलेल्या शंभरातले नव्वदहून अधिक निबंध परत करतात. म्हणजे तिथे नकार हाच नियम आहे आणि स्वीकार हा अपवाद.

आमचा निबंध का परत आला? माझ्या फाईलमधली कारणे मी आता शांतपणे वाचू शकते, म्हणून एकेक सांगते.

पहिले कारण, प्रश्न स्पष्ट नव्हता. आम्हाला एकाच निबंधात सगळे सांगायचे होते. किती बायांची पिशवी काढली, का काढली, कर्ज किती झाले, पुढे काय त्रास झाला, नवरा कसा वागला, सरकार काय करते. मोर्चाच्या निवेदनात हे सगळे लागते. शोधनिबंधात एक प्रश्न लागतो आणि त्याचे उत्तर मिळेल अशी पद्धत लागते.

दुसरे कारण निवडीचे. आम्ही ज्या बायांशी बोललो त्या आमच्या शिबिराला आलेल्या बाया होत्या. शिबिराला येते कोण? जिला त्रास आहे ती. मग 'शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक बायांना त्रास होतो' हे वाक्य आम्ही लिहिले कशाच्या जोरावर? जिला काही त्रास नाही ती शेतात खुरपत होती, तिला आम्ही विचारलेच नव्हते. शिवाय ज्यांची पिशवी शाबूत आहे अशा त्याच वयाच्या, तेवढेच कष्ट करणाऱ्या बायांचीही कंबर दुखते का, हेही विचारले नव्हते. परीक्षकाने दोनच शब्द लिहिले होते, 'तुलनागट नाही.' आम्ही म्हटले, बायांच्या दुःखाची तुलना कसली करता?

तुलनेत किती ताकद असते ते मला पुढे एका उदाहरणाने कळले. अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून १९४० च्या दशकापासून गरोदर बायांना डीईएस नावाचे कृत्रिम संप्रेरक देत असत. १९५३ साली डीकमन आणि सहकाऱ्यांनी तुलना करून दाखवले, की या औषधाने गर्भपात टळत नाहीत. निबंध छापून आला, तरी औषध चालूच राहिले. पुढे बोस्टनमध्ये तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग दिसू लागला. एका रुग्ण मुलीच्या आईने डॉक्टरांना विचारले, "मी गरोदरपणी ते औषध घेतले होते, त्याचा तर संबंध नाही ना?" हर्बस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. त्यांच्याकडे रुग्ण होत्या फक्त आठ. प्रत्येकीमागे तिच्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली घेतल्या आणि त्या सगळ्यांच्या आयांची माहिती काढली. आठांपैकी सात आयांनी डीईएस घेतले होते. बत्तीस निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनेही नाही. १९७१ च्या एप्रिलमध्ये हा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापला आणि त्याच वर्षी गरोदर बायांना हे औषध देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला.

'आकडा लहान आहे म्हणून आमचे नाकारले' असे आपण म्हणतो, तेव्हा मला या आठ मुली आठवतात. आणि ती आईसुद्धा. प्रश्न तिचा होता. तुलनेमुळे तिचा प्रश्न कुणाला टाळता आला नाही.

आपल्या घरचेही उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. शिबिराला आलेल्या आजारी बाया त्यांनी घेतल्या नाहीत. गावातल्या बाया घेतल्या, तक्रार असलेल्या आणि नसलेल्याही. नुसते विचारून थांबल्या नाहीत, शारीरिक तपासणी केली, प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्या. ९२ टक्के बायांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये लॅन्सेटने तो निबंध छापला. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे तिचे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारचा हिशोब होता. 'बायांना अंगावरून जाते' हे आपण सगळ्या आधीपासून जाणत होतो. पण कुणीही यावे, तपासून बघावे, असे ते या निबंधाने मांडले.

तिसरे कारण भाषेचे. आम्ही लिहिले होते, 'यावरून सिद्ध होते की खासगी डॉक्टर नफ्यासाठी अनावश्यक शस्त्रक्रिया करतात.' शस्त्रक्रिया अनावश्यक होती हे ठरवायला केसपेपर लागतो, सोनोग्राफीचा अहवाल लागतो, काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल लागतो. बहुतेक बायांकडे यातले काही नव्हते. खरे तर कागद नसणे हाच मोठा निष्कर्ष होता. 'इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेचा एकही कागद बाईच्या हातात नाही' हे आम्ही ठामपणे लिहू शकलो असतो. आम्ही तो सोडला आणि जे दाखवता येत नव्हते तेच मोठ्या आवाजात म्हटले.

चौथे कारण किरकोळ वाटेल, पण अनेक गट त्यात अडकतात. चळवळीत आपण एकच पत्रक दहा ठिकाणी पाठवतो, त्यात गैर काही नसते. नियतकालिकांत तसे चालत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे, किंवा आधी छापलेले पुन्हा पाठवणे हे थेट नाकारण्याचे कारण ठरते. न्यू इंग्लंड जर्नलचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये हा नियम घातला, तेव्हापासून तो बऱ्याच ठिकाणी रूढ झाला. म्हणून अहवाल, पत्रक, वर्तमानपत्र यांना आपण काय देणार आणि नियतकालिकासाठी काय राखणार, हे आधी ठरवावे. शंका असेल तर संपादकाला सरळ पत्र लिहून विचारावे.

आता पाचवे कारण. ज्यासाठी मी आज इथे उभी आहे ते हे.

आमच्या निबंधाला कुठल्याही नीतिसमितीची मंजुरी नव्हती. आम्हाला त्याची गरजच वाटली नव्हती. नीतिसमिती कशासाठी? औषध कंपन्यांना आवर घालण्यासाठी. आम्ही तर बायांच्याच बाजूच्या, आमच्यापासून बायांना काय धोका? तोंडी विचारले होते, 'लिहू का?' त्या म्हणाल्या होत्या, 'लिहा की.' झाली संमती.

निबंधात आम्ही काही बायांच्या कहाण्या चौकटीत दिल्या होत्या. नावे बदलली होती. पण एकीबद्दल लिहिताना तिचे वय, तिची जात, मुले किती, नवरा काय काम करतो, शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात झाली आणि गाव तालुक्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे सगळे लिहिले होते. दुसऱ्या परीक्षकाने एक ओळ लिहिली होती: 'ही स्त्री तिच्या परिसरातल्या कुणालाही ओळखू येईल. तिला हे मान्य आहे का?'

ती ओळ त्या दिवशी बैठकीत वाचली गेली होती. कुणीतरी म्हणाले, "बघा, आता यांना बायांचा कळवळा आला." आम्ही हसलो. मीही हसले.

वर्षभराने निबंध पुन्हा लिहायला घेतला, तेव्हा ते पत्र बाहेर काढले. या खेपेस एकटीने वाचले. ती ओळ आली आणि आठवले, की ती बाई कितीतरी दिवसांत बैठकीला आलेली नाही. 'कामाचा सीझन असेल' असे आम्ही धरून चाललो होतो. मी तिच्या गावी गेले. ती बोलेना. चहा झाला, मग बोलली. निबंध पाठवायच्या आधी तोच मजकूर आम्ही मराठीत तालुक्याच्या एका बैठकीत वाटला होता. अधिकारी होते, काही डॉक्टर होते. त्यानंतर दवाखान्यातला एक माणूस तिच्या घरी येऊन गेला होता. दमदाटी केली नाही, नुसते विचारले, "वहिनी, आमच्याबद्दल काय सांगितलं म्हणे तुम्ही?" नवऱ्याला तोवर काहीच माहीत नव्हते. पुढे घरात काय झाले असेल ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी म्हटले, "पण आम्ही तुमचं नाव नव्हतं लिहिलं."

ती म्हणाली, "नाव नाही लिहिलंत ताई. पण घर लिहिलंत की."

मैत्रिणींनो, ज्या परीक्षकाला आम्ही हसलो त्याला, किंवा तिला, आमचा तालुका नकाशावर दाखवता आला नसता. तरी कागदावरून त्या व्यक्तीला जे दिसले ते आम्हाला तिच्या ओसरीवर बसून दिसले नाही. त्या ओळीने नुकसान टळले असते असे नाही, ते आधीच झाले होते. पण आम्ही वर्षभर आधी तिच्याकडे गेलो असतो. ते वर्ष ती एकटी होती.

नीतीच्या अटी वरून लादलेल्या आहेत असे समजू नका. हेलसिंकी घोषणापत्राच्या १९७५ च्या आवृत्तीने स्पष्ट म्हटले, की या तत्त्वांना सोडून केलेले संशोधन छापायला घेऊ नये. म्हणजे नाकारणे हे नियतकालिकाचे कर्तव्यच ठरले. आपल्याकडे मुंबईच्या 'सेहत'ने पुढाकार घेऊन सामाजिक आरोग्य संशोधनासाठी नीतितत्त्वे २००० साली प्रसिद्ध केली. कौटुंबिक हिंसेवर संशोधन करताना बाईची सुरक्षितता कशी जपावी, याच्या शिफारशी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये काढल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ मध्ये सुधारून आली. आपल्या गटाची स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येते. मात्र मंजुरी आधी घ्यावी लागते, काम झाल्यावर मागून मिळत नाही. यातल्या बऱ्याच अटींमागे स्त्रियांच्या चळवळीचाच आग्रह आहे. इंजेक्शनने द्यायच्या गर्भनिरोधकांच्या चाचण्यांविरुद्ध १९८० च्या दशकात आपण कोर्टात गेलो, तेव्हा आपला मुद्दा हाच होता, की बाईला पुरते सांगितल्याशिवाय आणि तिने समजून हो म्हटल्याशिवाय तिच्यावर प्रयोग नको. जे आपण त्यांना विचारले, तेच आता आपल्याला विचारले जाते आहे.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई संपादकांची वकिली करायला आली की काय. तसे नाही. माझ्या फाईलमध्ये दुसऱ्या जातीचीही पत्रे आहेत.

रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या एका सरकारी रुग्णालयात सॉलोमन बर्सन या डॉक्टरांबरोबर काम करत. इन्सुलिनची इंजेक्शने घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, असे त्यांना आढळले. इन्सुलिनसारख्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडे होऊच शकत नाहीत, असे तेव्हाच्या तज्ज्ञांचे ठाम मत होते. 'सायन्स'ने त्यांचा निबंध नाकारला. 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन'नेही १९५५ साली आधी नाकारला. शेवटी शीर्षकातून 'इन्सुलिन प्रतिपिंड' हे शब्द काढल्यावर १९५६ मध्ये तो छापून आला. रक्तातले अत्यल्प संप्रेरक मोजण्याची पद्धत पुढे याच कामातून निघाली आणि १९७७ साली यॅलोंना नोबेल मिळाले. नोबेलच्या व्याख्यानात त्यांनी ते नकारपत्रच दाखवले. बावीस वर्षे जपून ठेवले होते! माझ्या फाईलची प्रेरणा तीच, नोबेलची आशा मात्र मी धरलेली नाही.

२०१५ ची गोष्ट तर वैद्यकाच्या बाहेरची, पण आपल्या उपयोगाची आहे. पीएचडीनंतर स्त्रिया आणि पुरुष संशोधकांच्या वाटचालीत काय फरक पडतो यावर दोन स्त्रियांनी निबंध लिहिला आणि 'प्लॉस वन'ला पाठवला. परीक्षकाने सुचवले, की एक-दोन पुरुष जीवशास्त्रज्ञांना सोबत घ्या, म्हणजे निष्कर्ष एकांगी होणार नाहीत. लेखिकांनी ते जगजाहीर केले. नियतकालिकाने माफी मागितली, त्या परीक्षकाला यादीतून काढले आणि संबंधित संपादकाला पद सोडायला सांगितले.

तिसरी गोष्ट आपल्या कामाच्या फार जवळची. आकड्यांऐवजी मुलाखतींवर आधारलेले निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नल 'प्राधान्य कमी' असे म्हणून परत करत असे. २०१६ मध्ये अकरा देशांतल्या शहात्तर ज्येष्ठ अभ्यासकांनी संपादकांना अनावृत पत्र लिहिले, की हे धोरण बदला. रुग्ण काय अनुभवतो, उपचार का सोडतो, डॉक्टरशी का बोलत नाही, हे मोजपट्टीने कळत नाही. संपादकांनी ते पत्र छापले आणि त्याला उत्तरही दिले.

म्हणजे नकार दोन प्रकारचे असतात. एक, जो आपल्या कामातली उणीव दाखवतो. दुसरा, जो त्यांच्या नजरेतली उणीव दाखवतो. 'तुलनागट नाही' हा पहिला. 'विषय स्थानिक महत्त्वाचा आहे' हा पुष्कळदा दुसरा. लंडनमधल्या एका रुग्णालयाचा अभ्यास जागतिक आणि बीडच्या ऊसतोड कामगार बायांचा स्थानिक, असे का? पंचाईत अशी, की दोन्ही एकाच पत्रात, एकाच गोड भाषेत येतात. आम्ही सगळ्याच नकारांना दुसऱ्या प्रकारात टाकले आणि फसलो. काही मैत्रिणी उलटे करतात. सगळ्यालाच पहिल्या प्रकारात टाकतात, 'आपल्याला जमत नाही' म्हणतात आणि लिहिणे सोडतात. दोन्ही चूकच.

मग करायचे काय? आमच्या गटाने आता काही रीत ठरवली आहे. पत्र आले की दोन दिवस त्यावर बोलायचे नाही. मग एकीने नाही, तिघींनी वेगवेगळे वाचायचे. कागदावर तीन रकाने करायचे. पहिल्यात, जे खरे आहे आणि दुरुस्त करता येते. दुसऱ्यात, जे खरे आहे पण आता दुरुस्त होणार नाही, म्हणून आपला दावा लहान करायचा. तिसऱ्यात, जे आपल्याला मान्य नाही. तिसऱ्या रकान्याला आधारासह, न चिडता उत्तर लिहायचे. संपादकाकडे फेरविचार मागता येतो, ती भीक नव्हे. नियतकालिकही नीट निवडायचे. शस्त्रक्रियेच्या तंत्राला वाहिलेल्या नियतकालिकाला बायांच्या कर्जाबद्दलचा निबंध पाठवला तर दोष त्यांचा नाही. मुंबईहून १९९३ पासून निघणारे इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स आहे, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली आहे, मेडिको फ्रेंड सर्कलसारख्यांच्या पत्रिकांची परंपरा आहे. आणि एक सावधगिरी: 'पैसे भरा, आठवड्यात छापतो' अशी आमंत्रणे ई-मेलवर ढिगाने येतात. ती दुकाने आहेत, तिथे काहीच नाकारले जात नाही. जिथे कुणी नाही म्हणतच नाही, तिथल्या होकाराला काय अर्थ?

आणखी एक. सगळे काही नियतकालिकातूनच व्हायला हवे असे नाही. बीडमध्ये ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पत्रकार आणि कार्यकर्त्यांनी लावून धरला, म्हणून २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. तिच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहाजणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशभरातले प्रमाण होते १५ ते ४९ वयाच्या बायांत ३.२ टक्के. दोन पाहण्यांतल्या बाया आणि पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून लगेच निष्कर्ष काढू नका, असे म्हणायला मी आता शिकले आहे. पण विचारायला हवे एवढे तर ते नक्कीच सांगतात.

मध्यंतरी मला एका नियतकालिकाने परीक्षक म्हणून एक निबंध पाठवला. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेचा होता. मनापासून केलेले काम, बायांबद्दलचा तोच उमाळा. आणि चौकटीत एक बाई, वय, जात, गाव, दिराचा धंदा, सगळ्यासकट. मी 'सध्याच्या स्वरूपात नाकारावा' असे लिहिले. लिहिताना हात जड झाला. पण एका ओळीवर थांबले नाही. काय वगळावे, काय ठेवावे, त्या बाईकडे परत कसे जावे, हे दोन पाने लिहिले. मला कुणी तसे लिहिले असते तर बरे झाले असते.

आमचा निबंध पुढे दुसरीकडे छापून आला. पहिल्यापेक्षा निम्मा आहे. त्यात 'सिद्ध झाले' हे शब्द नाहीत. कागदपत्रे बायांच्या हातात दिली जात नाहीत, एवढाच मुद्दा आहे, आणि तो अजून कुणी खोडलेला नाही. चौकट काढून टाकली. पाठवण्याआधी मराठीत करून गावोगावी वाचून दाखवला आणि ज्यांच्या बोलण्यातून तो उभा राहिला त्यांना विचारले, यात काय नको? दोघींनी आपली वाक्ये काढायला लावली. आम्ही काढली. वाक्ये चांगली होती.

ती बाई त्या वाचनाला आली होती. मागे, दाराजवळ बसली होती. काही बोलली नाही. संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "आता माझं घर नाही त्यात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण दुखणं माझंच आहे."

पुढच्या महिन्यापासून ती बैठकीला येऊ लागली.